राखणे आणि झाकणे

नीतिशास्त्रातील प्रश्न ग्रंथांतूनच उद्भवतात, अशी आम्हा अध्यापकवर्गाची एक समजूत असते. कर्तव्याचे निरूपण करताना आम्ही बहुधा मोठमोठे प्रसंग योजतो. रणांगणावर धनुष्य खाली ठेवून बसलेला अर्जुन, विषाचा पेला हाती घेतलेला सॉक्रेटिस, पित्याच्या वचनासाठी वनवासास निघालेला राम, अशी उदाहरणे दिली म्हणजे विद्यार्थ्यांचे लक्ष लागते आणि आमचेही समाधान होते. परंतु असे प्रसंग मनुष्याच्या वाट्यास येतात तरी किती? बहुतेकांचे आयुष्य फार लहान प्रश्नांत खर्ची पडते. आणि ते लहान असल्यामुळेच त्यांचा विचार करण्याचे आपण टाळतो. माझ्यापुरता असा एक प्रश्न माझ्या घराच्या मागील बाजूस असलेल्या लाकडी सज्ज्याने उपस्थित केला. तो येथे वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

आमचे घर कोल्हापुरातील एका जुन्या पेठेत आहे. त्याच्या माडीला लागून पश्चिमेस सागवानी फळ्यांचा एक सज्जा आजोबांनी करविला होता. चार हात रुंद, बारा हात लांब, वर छप्पर नाही. आमच्या लहानपणी पापड वाळवावयास, परीक्षेचा अभ्यास करावयास आणि रात्री वाऱ्यास बसावयास ही एकच जागा होती. कोल्हापूरचा पावसाळा ज्यास ठाऊक आहे त्यास पश्चिमेकडील उघड्या लाकडाची काय दशा होते हे सांगावयास नको. येथून पन्नासएक किलोमीटरवर असलेल्या गगनबावड्याइतका पाऊस शहरात पडत नाही, हे खरे. तेथे आमच्या कित्येक पट पडतो. परंतु आषाढ-श्रावणात येथील हवा इतकी ओली असते की पेटीतील कपड्यांना वास येतो, मिठाचे पाणी होते आणि चामड्याच्या चपलांवर रात्रीत बुरशी धरते.

ह्या सज्ज्याची व्यवस्था माझी आई पाहत असे. अक्षय्यतृतीया आटोपली की ती रिठ्याच्या पाण्याने फळ्या घासून घेई, चार दिवस त्यांना कडक ऊन देई, आणि मग जवसाचे तेल कोमट करून जुन्या लुगड्याच्या बोळ्याने एकेक फळी चोळून काढी. लाकडाने पिऊन उरलेले तेल ती कोरड्या फडक्याने टिपून घेई. ते तसेच राहिले तर चिकट होते व त्यावर धूळ बसते, असे तिचे म्हणणे असे. दसरा झाल्यावर पुन्हा एकदा ती गुडघ्यांवर बसून सर्व सज्जा हाताने चाचपून पाही. आम्हा मुलांना हे सर्व तिच्या व्रतवैकल्यांपैकीच एक वाटे. त्याची आठवण आम्हांस तेलाच्या वासापलीकडे फारशी राहिली नाही.

आई गेल्यावर दोन वर्षे सज्ज्याकडे कोणी पाहिले नाही. फळ्या करड्या पडल्या, तीन-चार कुजल्याही. त्या मी नव्या घालून घेतल्या व रंगाऱ्यास बोलावून सांगितले, “पुन्हा पाहावे लागणार नाही असे काहीतरी लावा.” त्याने माझी आज्ञा तंतोतंत पाळली. फटी लांबीने बुजविल्या, काचकागदाने घासले आणि काचेसारख्या चमकणाऱ्या व्हार्निशचे तीन हात दिले. सज्जा इतका सुंदर दिसू लागला की येणाऱ्याजाणाऱ्यास मी तो मुद्दाम नेऊन दाखवीत असे. ह्या कामाचा खर्च मी आनंदाने सोसला. कारण त्या पैशात मी व्हार्निश विकत घेतले नव्हते, तर एका कर्तव्यातून कायमची सुटका विकत घेतली होती. निदान माझी समजूत तशी होती.

पाचव्या श्रावणात त्याच सज्ज्यात माझी पत्नी पाय टाकते न टाकते तो फळी मोडली व तिचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. तिला महिनाभर अंथरुणास खिळून राहावे लागले. मोडलेल्या फळीचा तुकडा मी उचलून पाहिला. वरचे व्हार्निश अद्याप बऱ्याच ठिकाणी चकाकत होते. त्याच्या खाली लाकूड म्हणून जे होते ते बोटांनी दाबताच ओल्या भुश्यासारखे चुरले.

ज्या वृद्ध सुतारमामांस मी बोलावून आणले त्यांनी सज्ज्यावरून एक फेरी मारली, दोन-तीन ठिकाणी टाचणीने टोचून पाहिले, आणि मला म्हणाले, “सर, लाकूड झाकायचं नसतंय, त्याला पाजायचं असतंय. ह्यो रंग न्हवं, पिंजरा झालाय. पानी आत जायाला वाट गावलीया, भाईर यायाला गावली न्हाई.”

सुतारमामांच्या ह्या दोन वाक्यांत जे सांगितले गेले तेच पदार्थविज्ञानाच्या भाषेत सांगावयाचे तर थोडा विस्तार करावा लागतो. लाकूड तोडल्यावर झाड मरते. परंतु लाकडाचे हवेशी असलेले देणेघेणे संपत नाही. त्याच्या सूक्ष्म तंतूंच्या भिंती हवेतील ओल शोषून घेतात व हवा कोरडी झाली की ती परत देतात. हवेत शेकडा 65 आर्द्रता असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे शेकडा 12 पाणी राहते; आर्द्रता 90 वर गेली की हे प्रमाण 20 च्या आसपास जाते. ओल वाढली म्हणजे लाकूड फुगते, कमी झाली म्हणजे आकसते. आणि तेही सर्व दिशांनी सारखे नव्हे. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र चांगलेच हलते. अशा सतत हलणाऱ्या वस्तूवर एक ताठ, अखंड पापुद्रा चढविला तर तो कोठे ना कोठे तडकणारच. खिळ्याच्या डोक्याशी, दोन फळ्यांच्या सांध्यात, फळीच्या कापलेल्या टोकाशी. त्या केसाएवढ्या फटीतून पावसाचे पाणी आत ओढले जाते. आत गेलेल्या पाण्यास पसरावयास सर्व फळी मोकळी असते, परंतु वाफ होऊन निघून जावयास वाट त्या फटीएवढीच. कुजविणाऱ्या बुरशीस लाकडात शेकडा 20 हून अधिक ओल सतत मिळाली की ती सुखाने नांदू लागते. ह्याखेरीज पारदर्शक लेपातून सूर्यकिरण आत जातात, पापुद्र्याखालील तंतूंना बांधून धरणाऱ्या द्रव्याचा नाश करतात, आणि मग जमीनच सुटलेला पापुद्रा उलून निघतो. तेलाची तऱ्हा वेगळी. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. परंतु ते पातळ थरांनी लाकडात मुरविले व उरलेले पुसून घेतले तर वर पापुद्रा धरत नाही. पाण्याचा शिरकाव त्याने मंदावतो, तरी आत गेलेली ओल बाहेर पडण्याची वाट राहते. त्यात गेरूसारखे रंगद्रव्य थोडे मिसळले तर उन्हाचा मारही काही अंशी चुकतो. परंतु हे रक्षण टिकाऊ नाही. एकदोन पावसाळ्यांत ते झिजते व पुन्हा तेल द्यावे लागते.

आणखीही एक गोष्ट सुतारमामांनी दाखविली. आजोबांच्या वेळच्या फळ्या सागाच्या गाभ्यातील होत्या. सागाचा गाभा स्वतःच्या अंगच्या द्रव्यांमुळे सहजी कुजत नाही, आणि म्हणून त्या बहुतेक शाबूत होत्या. मी घातलेल्या फळ्यांत मात्र झाडाच्या सालीलगतचे पांढुरके लाकूड होते. त्याला असे कोणतेही उपजत संरक्षण नसते. सागाचे आहे म्हणून ते टिकेलच असे नाही. घालताना हा भेद सहज दिसला असता. परंतु व्हार्निशाच्या रंगाने चांगल्यावाईट सर्व फळ्या एकाच तेजाने चमकू लागल्या, आणि पुढे पाच वर्षे तो भेद पाहण्याचे मला कारण उरले नाही.

येथे माझ्या मूळ प्रश्नाकडे यावयाचे. एखादी वस्तू राखणे व एखादी वस्तू झाकणे ह्या दोन क्रिया वरवर सारख्या दिसतात. दोहोंचा हेतू एकच, की बाहेरच्या आघाताने तिचा नाश होऊ नये. मग त्यांत नैतिक भेद आहे काय? की हा केवळ तेल व व्हार्निश यांचा, म्हणजे कारागिरीचा भेद आहे?

प्रतिपक्षाची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कोणी म्हणेल, पुनःपुन्हा करावे लागणारे काम एकदाच करून मोकळे व्हावे ही इच्छा निंद्य कशी? सर्व मानवी प्रगतीच्या मुळाशी हीच इच्छा नाही काय? रोज विहिरीवर जाण्याचे कष्ट चुकावेत म्हणून नळ आला. दर सणाला जमीन सारवावी लागू नये म्हणून फरशी आली. ज्या घरांत हे घडले तेथील स्त्रियांच्या आयुष्याचे कितीतरी तास मोकळे झाले. त्यांना पुन्हा सारवणाच्या बादलीकडे पाठवून त्यात नीती पाहणे हा केवळ आरामखुर्चीत बसलेल्या पुरुषाचा विलास होय. तुमचे व्हार्निश फसले एवढ्यावरून कायमच्या उपायाची इच्छाच दुष्ट ठरत नाही. उद्या कोणी खरोखर न तडकणारा लेप काढील, तेव्हा तुमची सर्व नीती वाहून जाईल.

ही आक्षेपाची बाजू मला पुष्कळ अंशी मान्य आहे. कष्ट म्हणजेच पुण्य हे समीकरण मी मानीत नाही. तथापि फरशी आणि व्हार्निश ह्यांत एक फरक आहे. फरशीने सारवणाची गरजच नाहीशी केली. व्हार्निशाने तेलाची गरज नाहीशी केली नाही, ती फक्त डोळ्यांआड केली. पाऊस पूर्वीइतकाच पडत होता, लाकूड पूर्वीसारखेच हलत होते. बदलली होती ती एकच गोष्ट, माझे लक्ष. ज्या उपायाने गरज संपते तो उपाय चांगलाच. ज्या उपायाने गरज तशीच राहून केवळ तिची जाणीव संपते, तो उपाय म्हणजे स्वतःची फसवणूक होय. झाकणे व राखणे ह्यांतील नैतिक भेद मला येथे प्रथम दिसला. झाकण्यात आपण वस्तूचे आघातापासून जितके रक्षण करतो त्याहून अधिक स्वतःचे तिच्या दर्शनापासून करतो.

प्लेटोने आपल्या ‘रिपब्लिक’ ग्रंथाच्या चौथ्या भागात रंगाऱ्याचा एक दृष्टान्त दिला आहे. लोकर रंगविणारे कारागीर आधी पांढरी शुभ्र लोकर निवडतात, तिच्यावर परिश्रमपूर्वक संस्कार करतात, आणि मगच तिला रंगात बुडवितात. म्हणून तो रंग कोणत्याही क्षाराने धुतला जात नाही. राज्याच्या रक्षकांना शिक्षण द्यावयाचे ते अशाच रीतीने, म्हणजे भय, लोभ, सुख व दुःख हे सर्व क्षारांहून तीव्र क्षार त्यांच्या मनावरील रंग उडवू शकणार नाहीत, असा त्याचा आशय आहे. हा दृष्टान्त मी कित्येक वर्षे वर्गात सांगत आलो. त्याचा पहिला अर्धा भाग आजही मला अगदी खरा वाटतो. संस्कार वरून थापावयाचा नसतो, तो मुरवावयाचा असतो, आणि त्यापूर्वी मुळातला पदार्थ पारखून घ्यावा लागतो. सालीलगतचे लाकूड ओळखण्यात मी जी चूक केली ती ह्या पूर्वार्धाकडे दुर्लक्ष केल्यामुळेच. परंतु दृष्टान्ताच्या उत्तरार्धाविषयी मात्र आता मला शंका येते. एकदा चढविला की कधीच न उतरणारा रंग मनुष्याच्या मनास देता येतो काय? माझा अनुभव असा नाही. विसाव्या वर्षी माझ्या अंगी मुरलेला प्रामाणिकपणा तेवढ्याच बळावर पन्नासाव्या वर्षी मला पुरला नाही. मधल्या काळात त्याला जेथे जेथे कोणी तेल दिले नाही, तेथे तेथे तो करडा पडला. ‘माझा स्वभावच प्रामाणिक आहे’ असे ज्या दिवशी मी म्हणू लागलो त्या दिवसापासून त्याची झीज पाहणे मी सोडले. सद्गुण एकदा मिळवून कुलपात ठेवण्याचे धन नाही. पतंजलीने अभ्यासास दीर्घ काळ, अखंडता आणि आदर ह्या तीन अटी घातल्या आहेत त्या ह्याचसाठी.

आपल्याकडील मीमांसकांनी ह्या प्रश्नाचा विचार निराळ्या परिभाषेत केला आहे. त्यांनी कर्माचे नित्य, नैमित्तिक व काम्य असे भाग पाडले. काम्य कर्म केल्याने इष्ट फळ मिळते. नित्य कर्माचा प्रकार चमत्कारिक आहे. रूढ मताप्रमाणे ते केल्याने वेगळे असे काहीच मिळत नाही. न केल्यास मात्र दोष, म्हणजे प्रत्यवाय लागतो. तरुणपणी मला ही कल्पना अत्यंत अन्यायाची वाटे. ज्या कामाचे वेतन नाही त्याच्या गैरहजेरीबद्दल दंड कसला? आज सज्ज्याकडे पाहिले म्हणजे तिचा अर्थ कळतो. चाळीस वर्षे आईने तेल दिले. त्याचे फळ काय मिळाले? काहीच नाही. सज्जा होता तसा राहिला. ‘काहीच घडले नाही’ हेच त्या कर्माचे संपूर्ण फळ, आणि जे घडले नाही ते कोणास दिसत नाही. न केल्याचे फळ मात्र मोडक्या फळीच्या रूपाने सर्वांस दिसले.

ह्यावर आचार्यांचा एक प्रसिद्ध आक्षेप आहे. न करणे हा अभाव आहे. अभावातून दोषासारखी भावरूप वस्तू उत्पन्न कशी होईल? तर्कदृष्ट्या आक्षेप बिनतोड आहे. परंतु सज्ज्यापुरते त्याचे उत्तर देता येते. माझ्या न करण्याने सज्जा कुजला नाही. तो पावसाने आणि बुरशीने कुजला. पाऊस अभावरूप नव्हता. मी फक्त जे मधे उभे होते ते काढून घेतले. संसारातील बहुतेक दुरवस्था अशीच येते. ती कोणी करीत नाही; ती वाटेतच असते, आणि तिला रोज थोडी थोडी अडवून धरणारे कोणीतरी एक दिवस उठून जाते.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला ती सांगतो. हे अडवून धरणारे कोण असते? माझ्या घरात ती आई होती. सज्ज्याच्या देखभालीस मी ‘कटकट’ हे नाव दिले होते. परंतु ती कटकट मी एकदाही केलेली नव्हती. एक चतुर्थांश शतक नीतिशास्त्र शिकविणारा मी, माझ्या घरातील सर्वांत जुने नित्यकर्म कोण करीत आहे हे पाहिले नाही. पाहिले असेल तर ते कर्म म्हणून मोजले नाही. आईचे गुडघे शेवटची दहा वर्षे दुखत होते. त्या दुखण्यावर मी उत्तम वैद्यांची औषधे आणली. वैशाखातील दोन दिवस तिच्या हातातील बोळा मात्र घेतला नाही. औषध आणणे हे व्हार्निशासारखे होते. एकदा पैसे टाकले की मन निश्चिंत. अंथरुणावर पडलेल्या पत्नीने एके दिवशी सहज म्हटले, “सासूबाईंनी प्रत्येक फळी हाताने पाहिली असती.” तिच्या बोलण्यात रोष नव्हता. परंतु सर्व मीमांसा वाचून जे मला कळले नव्हते ते त्या वाक्याने कळले. आई तेल देत होती हे अर्धेच सत्य. ती त्या निमित्ताने वर्षातून दोनदा प्रत्येक फळीची विचारपूस करीत होती. तेलाहून ती विचारपूसच सज्ज्याला अधिक राखीत होती.

ह्यावरून सर्वच लेप वाईट असा निष्कर्ष कोणी काढू नये. मालवणकडील होडीस आपले सांधे बुजविलेच पाहिजेत. तेथे पाण्याला ‘ये आणि जा’ म्हणून चालत नाही. पण तेथील कोळी पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून घेतो, तपासतो आणि पुन्हा लेप देतो. तेव्हा त्याचे झाकणेही राखण्याच्याच पोटात येते. उलट घरातील खुर्चीस लाखेचे पॉलिश शोभते व टिकते. तेच सज्ज्यावर लावले तर पहिल्या सरीत पांढरे फटक पडेल. आणि तेलही निर्दोष नाही. ओल्या हवेत ते अधिक झाले तर त्यावरच काळी बुरशी धरते. तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात तसाच टाकला तर तो आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतो. त्या पसरून वाळवाव्या किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्या लागतात. थोडक्यात, प्रश्न कोणते द्रव्य वापरले हा नाही. ते लावल्यानंतर आपण पुन्हा पाहावयास येणार आहो की नाही, हा आहे.

समाजाच्या बाबतीतही हेच. शतकानुशतके आपण आपल्या समाजाला सोवळ्याचा एक चकचकीत लेप दिला व बाहेरून त्याचे तेज पाहून धन्यता मानली. आत कोणत्या फळीवर कोणाचा भार पडतो, कोठे काय कुजते आहे, हे पाहण्याची सोयच त्या लेपाने ठेवली नाही. ह्याच करवीरनगरीत 1902 साली शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी राज्यातील निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हा अनेकांस महाराज समाजाचा रंग खरवडीत आहेत असे वाटले. वस्तुतः ते फळी पाहत होते. ‘राखून ठेवणे’ हा शब्द आपल्याकडे ह्या कामासाठी रूढ व्हावा हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

महाराजांचे नाव निघाले म्हणून आणखी एका वास्तूची आठवण होते. 1915 साली त्यांनी उभारलेले पॅलेस थिएटर पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जन्मदिवसाच्या आदल्या दिवशी, ते आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी लोक त्या दगडी भिंतींपुढे उभे राहून रडले. मीही त्यांत होतो. ते होते तसेच पुन्हा उभारावयाचे असा निर्धार झाला, आणि तो योग्यच आहे. नवे लाकूड घातल्यावर ते तेच नाट्यगृह राहील काय, असा तार्किक प्रश्न कोणी विचारील. जपानात इसे येथील देवस्थान सुमारे वीस वर्षांनी एकदा संपूर्ण नव्या, रंग न दिलेल्या लाकडाने पुन्हा बांधतात. 2013 साली ते बासष्टाव्या वेळी बांधले गेले, आणि तरीही ते तेच प्राचीन देवस्थान मानले जाते. नॉर्वेमधील बाराव्या शतकातील लाकडी चर्चना ठराविक काळाने पुन्हा डांबर फासतात, म्हणून ती त्या पावसाळी देशात अद्याप उभी आहेत. एकांनी लाकूड टिकविले नाही, पण करण्याची परंपरा टिकविली. दुसऱ्यांनी परंपरेच्या बळावर लाकूडही टिकविले. दोन्ही ठिकाणी वस्तूचे तेच-पण काष्ठात नसून तिच्याकडे परत परत येणाऱ्या हातांत आहे. म्हणून आमचे नाट्यगृह पुन्हा तेच होईल की नाही, हे उद्घाटनाच्या दिवशी ठरणार नाही. शोक करावयास एक रात्र पुरते व उद्घाटनास एक सायंकाळ. त्यानंतरच्या प्रत्येक वैशाखात कोण येणार आहे, ह्यावर ते ठरेल.

असो. सुतारमामांनी सज्जाची सर्व व्हार्निश खरवडून काढली, कुजलेल्या फळ्यांच्या जागी गाभ्याच्या फळ्या घातल्या, आणि पाणी साचू नये म्हणून दोन फळ्यांमध्ये बोटभर फट व सबंध सज्ज्यास बाहेरच्या बाजूस किंचित उतार दिला. गेली तीन वर्षे अक्षय्यतृतीयेनंतर मी स्वतः गुडघ्यांवर बसून तेल देतो. पहिल्या वर्षी मी ते फाजील घातले व आषाढात सर्व सज्जा काळपट झाला. पत्नीने आईसारखे फडक्याने टिपून घ्यावयास शिकविले. आता ती खुर्चीवर बसून कोणती फळी राहिली ते सांगते. सज्जा पूर्वीच्या व्हार्निशासारखा सुंदर दिसत नाही, हे कबूल केले पाहिजे, आणि कोणास मुद्दाम नेऊन दाखवावा असेही त्यात काही नाही. दक्षिणेकडच्या कोपऱ्यातील एक फळी ह्या पावसाळ्यात जरा मऊ लागली. दसऱ्यानंतर ती पुन्हा पाहावयाची आहे.